पुढे ढकललेली पाळी

मुलगी दीड वर्षाची झाली तेव्हा मला पक्कं कळलं की मला दुसरं मूल नको आहे. त्यामागे काही मोठी कहाणी नाही. बाळंतपण व्यवस्थित झालं, मुलगी गोड आहे, नवरा स्वभावाने चांगला आहे. मैत्रिणींना आणि ऑफिसातल्या बायकांना कारण लागतं म्हणून मी वेगवेगळ्या वेळी नोकरी, जागा, दगदग अशी कारणं दिली, पण खरं एवढंच की एक झालं आणि मला पुरलं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "ठीक आहे, पण आईले सध्या सांगू नको. हळूहळू आपोआप समजन."

मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. विहिरी, बोअर, नळ यांच्या बाटल्या दिवसभर समोर असतात. पाण्यात काय आहे ते लिहून द्यायचं, ते कोणी मिसळलं यावर बोलायचं नाही, अशी तिथली शिस्त. ती शिस्त मी घरीही पाळते, अशी नवऱ्याची तक्रार असते. त्यामुळे "आपोआप समजन" हे ऐकून मी वाद घातला नाही. तांबी बसवून पाहिली, तर रक्तस्राव इतका की हिमोग्लोबिन खाली आलं. ती काढून गोळ्या सुरू केल्या, तर आठवड्यातून एकदा तरी विसरायची. नवऱ्यावर सोपवून पाहिलं. पण त्याच्यावर सोपवलेली गोष्ट म्हणजे आमच्या मोरीतला गळका नळ. उद्या करू, परवा करू.

धंतोलीतल्या डॉक्टरबाईंनी मग रिंग सुचवली. त्यांनी रक्तदाब पाहिला, अर्धं डोकं दुखतं का विचारलं, घरात कोणाच्या पायात रक्ताच्या गाठी झाल्या होत्या का विचारलं, आणि टेबलाच्या खणातून एक नमुना काढून माझ्या हातावर ठेवला. पारदर्शक, मऊ, दाबली की चपटी होणारी. यातून हार्मोन थोडं थोडं झिरपत राहतं, त्या म्हणाल्या. आपल्या हाताने योनीत सरकवायची, तीन आठवडे आत ठेवायची, मग काढून एक आठवडा तसाच जाऊ द्यायचा. त्या आठवड्यात पाळी येते. नंतर नवीन रिंग. मी विचारलं, आत कुठे हरवली तर? त्या हसल्या. "पुढे रस्ता बंद आहे मॅडम. जाईल कुठे?"

पहिल्यांदा बाथरूममध्ये एक पाय पाटावर ठेवून मी ती दाबून धरली आणि ती साबणाच्या वडीसारखी सटकन निसटून बादलीमागे गेली. शोधून, थंड पाण्याने धुऊन पुन्हा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा गेली. नंतर काही जाणवलंच नाही, हीच तिची सगळ्यात मोठी तारीफ. नवऱ्याला जाणवते का, असं एका मैत्रिणीने विचारलं होतं. त्यालाही विचारलं, तो म्हणाला नाही. त्याला तसंही बऱ्याच गोष्टी जाणवत नाहीत.

अडचण होती ती उन्हाळ्याची. औषधवाल्याने बजावून सांगितलं होतं की नागपूरच्या मे महिन्यात ही वस्तू कपाटात ठेवायचीच नाही, फ्रीजमध्ये ठेवायची. तो ती खास मागवून देत असे. धंतोलीहून आमचं बेसा काही जवळ नाही, आणि दुपारी स्कूटीची डिकी उघडली तर वाफ येते. मग मी ऑफिसातली पाण्याच्या नमुन्यांसाठीची बर्फाची पेटी घरी आणायला लागले. फ्रीजच्या दारात मुलीच्या कानाच्या औषधामागे ती पाकिटं राहायची. सासूबाई रोज फ्रीज उघडायच्या, पण औषधांना हात लावायचा नाही हा त्यांचा नियम. एकदा चुकून त्यांनी डोळ्यांत कानाचं औषध घातलं होतं, तेव्हापासूनचा.

सासूबाई मूळच्या खेड्यातल्या, शेतकरी घरातल्या. सासरे गेल्यावर शेत बटाईने देऊन आमच्याकडे राहायला आल्या, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आमचं पटतं. त्या बोलतात, मी ऐकते, असा साधारण करार आहे. घरातला सकाळचा दिवा मी लावायचा, हा त्यांचा आग्रह. पाळीच्या चार दिवसांत देव्हाऱ्याला शिवायचं नाही, एवढंच त्यांनी जुन्यातलं शिल्लक ठेवलं होतं. स्वयंपाक चालतो, बाजूला बसायचं नाही, फक्त देव्हारा नाही. म्हणून दर महिन्याला मला म्हणावं लागायचं, "आई, आज दिवा तुम्ही लावा." माझी पाळी कधी येते हे माझ्याइतकंच त्यांनाही ठाऊक असे, ते यामुळे.

रिंग लागल्यापासून पाळी इतकी नेमाने यायला लागली की त्या कौतुक करायच्या. "घड्याळ आहे वं माही सून," असं त्या शेजारणींना सांगायच्या. मी मान खाली घालून भाजी चिरायची. मग शेजारणींचा पुढचा प्रश्न यायचा. सगळं इतकं व्यवस्थित आहे, तर मग काही होत काहून नाही? एकीने माझ्या पत्रिकेत काही असेल म्हटलं. एकीने माझ्या नोकरीचं काढलं, केमिकलात हात असतात म्हणे. तिसरी फक्त माझ्या पोटाकडे बघायची. हे सगळं आमच्या हॉलमध्ये, चहा पिता पिता चालायचं, आणि बरेचदा नवरा तिथेच मोबाइल बघत बसलेला असायचा. सासूबाई मला काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त चतुर्थ्या धरल्या. माझ्यासाठी.

त्या वर्षी गडबड महालक्ष्म्यांची झाली. आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या असतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, आणि त्यांच्यापुढे त्यांची दोन बाळं, एक मुलगा, एक मुलगी. पहिल्या दिवशी त्या येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी जातात. दुसऱ्या दिवसाचा स्वयंपाक म्हणजे सोळा भाज्या, आंबील, कढी, वडे, पुरणपोळ्या, आणि जेवायला पन्नासेक माणसं. त्या स्वयंपाकाला मात्र पाळीतली बाई चालत नाही, तिथे सासूबाई एक पाऊल मागे येत नाहीत. पंधरा दिवस आधीच त्यांनी बोटांवर मोजलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"यंदा तुही पाळी बरोब्बर महालक्ष्म्यांतच येते वं."

"गोळ्या घेऊ का, आई? पुढे ढकलायच्या?" मी विचारलं. आमच्या भागात त्या सुमाराला अर्ध्या बायका त्या गोळ्या घेतात. औषधवाले न विचारता काढून देतात.

"अजिबात नाही!" त्या एकदम म्हणाल्या. "त्या गोळ्यांनी पोट बिघडते. मंग मूल राहत नाही. मी माह्या बहिणीले बोलावतो, आम्ही दोघी करू. पण तू गोळीले हात लावायचा नाही."

त्यांचे गुडघे मला माहीत होते. पाटावरून उठताना त्यांना भिंत लागते. त्यांची बहीण, म्हणजे माझी मावससासू, हुडकेश्वरला राहते, तोंडाने भरपूर काम करते. दोघी मिळून सोळा भाज्या करणार आणि मी खुर्चीवर बसून बघणार, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की एखाद्या महिन्यात पाळी नको असेल तर जुनी रिंग काढल्याबरोबर लगेच नवीन बसवायची. मी तेच केलं. गोळी घेतली नाही, म्हणजे त्यांचा शब्दही मोडला नाही. पाळी आपणहून लांबली असं त्या समजतील, देवीची कृपा म्हणून हात जोडतील आणि प्रश्न मिटेल, असा माझा हिशोब होता. नमुना तपासताना आपण एकाच गोष्टीकडे बघत असतो आणि बाटलीत दुसरंच काही निघतं, तसं झालं.

पाळीची तारीख उलटली तरी महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवसापर्यंत मी दिवा लावतच होते. सासूबाई बघत होत्या. पहिल्या दिवशी मी पाट मांडायला घेतले तर त्यांनी माझ्या हातातून काढून घेतले. "राहू दे, जड आहेत." पुरण वाटायला बसले तर उठवलं. मला वाटलं, वय झालं, प्रेम उतू चाललंय. पपई आणली होती ती त्यांनी परस्पर शेजारी देऊन टाकली, तेव्हाही मला उजेड पडला नाही. इतकी शिकलेली बाई मी, हार्मोनचं तंत्र कोणालाही समजावून सांगीन. पण ज्या घरात पाळीवर एवढं लक्ष आहे, त्या घरात ती चुकली तर काय समजतात, हे मला सुचलं नाही. त्या दिवसांत सासूबाई गुणगुणत होत्या. पाटावरून उठताना त्यांनी भिंतीला हात लावला नाही, हे मी स्वतः पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पंगती उठल्यावर मावससासूने मला ओढून ओट्यापाशी नेलं.

"कितवा चालू आहे वं?"

"काय कितवा?"

"लपवू नको. तीन महिने कोणाले सांगायचं नसते, मले समजते. पण तुह्या सासूले राहवलं नाही, तिनं मले सांगितलं. उद्या बाळ तुह्या ओटीत घालायचं म्हणते."

आमच्या घरची ती रीत मला माहीत होती. घरात कोणी पोटुशी असली तर तिसऱ्या दिवशी देव हलवल्यावर महालक्ष्मीपुढचं मुलाचं बाळ सगळ्या बायकांसमोर तिच्या ओटीत घालतात. माझ्या हातात तेव्हा वाट्यांची चळत होती. ती मी नीट खाली ठेवली. मग राग आला. कोणाचा, ते लगेच कळलं नाही.

नवरा गच्चीवर मांडवातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालत होता. मी सगळं सांगितलं. त्याने हातातली खुर्ची घातली आणि थोडा विचार केला.

"उद्याचा दिवस जाऊ दे," तो म्हणाला. "घाल म्हणा ओटीत. आठ-पंधरा दिवसांनी सांगू, पडलं म्हणून."

"काय पडलं?"

"अगं, तेच. राहिलं नाही म्हणून. असं होते ना लोकांचं. विषयही संपन आणि मंग पुढे कोणी मागे लागनार नाही तुह्या."

वाईट गोष्ट ही की योजना चांगली होती. चालली असती. सासूबाई रडल्या असत्या, मला महिनाभर तूप-खारीक खाऊ घातली असती, माझ्या पाठीवरून हात फिरवला असता, आणि जे कधी नव्हतंच त्याचं दुःख मी त्यांच्यासमोर बसून केलं असतं. हे मला जमलं असतं, म्हणूनच ते नको वाटलं. "तू सांग त्यांना खरं," मी म्हणाले. "तुझी आई आहे."

"सणासुदीत?" तो म्हणाला आणि पुढची खुर्ची उचलली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई महालक्ष्म्यांसमोर विड्याची पानं पुसत बसल्या होत्या. मुलगी बाजूला फुलांच्या पाकळ्या वेगळ्या करत होती. मी फ्रीजमधून एक पाकीट काढलं, फोडलं आणि रिंग त्यांच्या पुढ्यात परातीच्या काठावर ठेवली.

"आई, मला दिवस नाही गेले. मी ही वापरते. म्हणून पाळी लांबली. तुमच्यावर सगळा स्वयंपाक पडू नये म्हणून मीच लांबवली."

त्यांनी पान खाली ठेवलं. रिंग उचलून बोटांत फिरवली, दाबली, सोडली, ती पुन्हा गोल झाली. "हे कुठीसा घालते?"

मी सांगितलं. त्यांनी मुलीला फुलं घेऊन आत पाठवलं.

"दुखत नाही?"

"नाही."

"पडत नाही?"

"नाही पडत."

"हे असताना मूल होतच नाही?"

"सहसा नाही. आई, मला दुसरं नकोच आहे. आता नको असं नाही. नकोच."

मग त्यांनी महालक्ष्म्यांकडे पाहिलं आणि मला वाटलं आता फुटणार. पण त्यांच्या मनात वेगळंच चाललं होतं. "हे घालूनच सैपाक केला तू काल?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आता हे चालते का नाही चालत, ह्याचं तर कोणी काही सांगूनच ठेवलं नाही, बाप्पा." त्यांनी रिंग परत ठेवली आणि पदराला हात पुसले. मला हसू आलं असतं, पण त्यांचे डोळे भरले होते. मला तेव्हा फार वाईट वाटलं. माझ्या निर्णयाचं नव्हे. तीन दिवस त्यांचे गुडघे दुखले नव्हते, त्याचं.

"मले नातू पाहिजे होता," त्या म्हणाल्या. "अजून पाहिजे. तू सांगितलं म्हणून मले नको झाला असं नाही."

"मला माहीत आहे."

"आधी विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं."

"म्हणूनच नाही विचारलं."

याला त्यांनी मान हलवली. मग पुन्हा पान पुसायला घेतलं आणि खाली बघतच विचारलं, "माह्या पोराले माहीत आहे?"

"पहिल्यापासून."

"कधीपासून वापरते तू हे?"

"दोन वर्षं होतील."

पान पुसणारा हात थांबला. दोन वर्षांतल्या चतुर्थ्या त्या मोजत होत्या हे मला दिसत होतं. दर चतुर्थीला चंद्र दिसेपर्यंत त्या उपाशी असायच्या आणि त्यांच्यासमोर बसून त्यांचा मुलगा पोटभर जेवायचा. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं. जा, आरतीचं ताट कर."

दुपारी बायका जमल्या. आरती झाली, दहीभाताचा नैवेद्य झाला, सासूबाईंनी मुखवट्यांना हात लावून देव हलवले. मी मागे भिंतीशी उभी होते. ओटीत बाळ घालायची वेळ आली तेव्हा त्यांनी दोन्ही बाळं आपणच उचलली, पदराने पुसली आणि पेटीत ठेवली. मावससासूला ते बघवेना.

"काहून वं? सुनेच्या ओटीत घालत होती ना?"

बायका माझ्याकडे वळल्या. शेजारची ती तिसरी बाई माझ्या पोटाकडे बघायला लागली. आता काहीतरी सांगावं लागणार आणि ते मलाच सांगावं लागणार, म्हणून मी तोंड उघडलं. सासूबाईंनी पेटीचं झाकण लावलं.

"तिचं काही नाही," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "सून माही ठणठणीत आहे. माह्या पोरातच कमी आहे. डॉक्टरनं सांगितलं. आता होत नाही त्याले."

नवरा दारात आरतीचं ताट धरून उभा होता. त्याचे कान लाल झाले. तो "आई" एवढं म्हणाला.

"बोल ना, गा," त्या त्याच्याकडे बघून म्हणाल्या. "काही सांगायचं आहे का तुले?"

सांगायला त्याच्याकडे खरं होतंच की. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकीला एका वाक्यात सांगता आलं असतं. त्याने ताट खाली ठेवलं. मावससासू "अरे देवा" म्हणत त्याच्या पाठीवरून हात फिरवायला गेली. बायकांच्या नजरा माझ्यावरून उठून त्याच्यावर गेल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत मला मोकळा श्वास घेता आला, आणि पेटीशी बसलेल्या या बाईवर माझं प्रेम आहे हेही मला त्याच वेळी कळलं.

बायका गेल्यावर तो स्वयंपाकघरात आला. सासूबाई उरलेल्या पोळ्या डब्यात भरत होत्या. मी भांडी विसळत होते.

"काहून असं सांगितलं, आई? उद्यापासून लोक काय काय म्हणतीन मले, माहीत आहे का?"

त्यांनी वर पाहिलं नाही.

"दोन वर्षं हिले म्हणून राहिले होते ते," त्या म्हणाल्या. "तू तिथंच बसला राहत होता ना?"

तो खुर्च्या मांडववाल्याकडे पोचवायला निघून गेला.